पूल स्पर्धेच्या फ्लेक्सवर बक्षिसाची रक्कम कशी लिहावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकमध्ये पूलचा, म्हणजे टेबलावर क्यूने चेंडू खिशांत ढकलायच्या खेळाचा, चार टेबलांचा हॉल आहे, टेबलाचा दर ताशी २०० रुपये. नाइन-बॉल या पूलच्या प्रकाराची हौशी नॉकआउट स्पर्धा ठेवली, एन्ट्री १,००० रुपये. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत ‘₹५०,००० पर्यंत बक्षिसे, पहिले बक्षीस ₹२०,०००’ आणि खाली बारीक ‘अटी लागू’. तुम्ही धरून चालला होता पन्नास-साठ जण, आले तेवीस. जमलेल्या २३,००० पैकी ५,००० टेबलांचे म्हणून ठेवून घेतले आणि १८,००० वाटले: विजेत्याला ८,०००, उपविजेत्याला ५,०००, उपान्त्य फेरीत हरलेल्या दोघांना प्रत्येकी २,५००. आता व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘फसवणूक’ हा शब्द फिरतोय. ‘पर्यंत’ असं स्पष्ट लिहिलं होतं, मग चुकलं कुठे आणि पुढच्या वेळी काय लिहायचं, हे तुम्हाला हवंय.

अडचण शब्दांच्या आधीची आहे. खेळाडू कमी आले तर तूट कोणी सोसायची, हे फ्लेक्स छापायच्या वेळी तुम्ही ठरवलंच नव्हतं. ते ठरलं नसलं की तूट आपोआप खेळाडूंच्या अंगावर जाते, आणि त्यांना ते कळतं अंतिम सामना संपल्यावर. राग त्याचा आहे. ८,००० ही तेवीस जणांच्या स्पर्धेसाठी वाईट रक्कम नाही. ती आधी कळली असती तर त्यातले बरेच जण तरीही आले असते. पण सिन्नरहून किंवा मालेगावहून कामावरची रजा टाकून येणारा माणूस ‘पहिले बक्षीस २०,०००’ ही ओळ वाचून यायचं की नाही हे ठरवतो. ‘पर्यंत’ हा शब्द तर तुमच्या एकूण रकमेला चिकटलेला होता, पहिल्या बक्षिसाला नव्हताच. तुमचा फ्लेक्स जसा लिहिलाय तसा वाचला तर २०,००० हे ठाम वचन होतं.

‘अटी लागू’ने तुम्ही वाचाल असंही समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा रोख साधा आहे: तळटीप मोठ्या दाव्याचा खुलासा करू शकते, त्याला खोडून काढू शकत नाही, आणि दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत ती असली पाहिजे. चार टेबलांच्या हॉलवर उद्या कोणी खटला भरेल असं मी म्हणत नाही. पण मोठ्या अक्षरांत जे लिहिलं ते बारीक अक्षरांत काढून घ्यायचं नाही, ही कसोटी हौशी स्पर्धेच्या फ्लेक्सलाही तंतोतंत लागू पडते.

बक्षिसाचा पैसा तीनच प्रकारे उभा राहतो. पहिला प्रकार हमीचा: कितीही जण येवोत, इतकी रक्कम वाटणार. तूट तुमची. दुसरा, निव्वळ जमेवरचा: एन्ट्रीतून जे येईल त्यातला ठरलेला भाग वाटणार. तूट कोणाचीच नाही, कारण आकडा आधी सांगितलेलाच नसतो. तिसरा म्हणजे जमेवर वरून भर: एन्ट्रीचा ठरलेला भाग, शिवाय हॉलची किंवा प्रायोजकाची ठरावीक रक्कम. अमेरिकेतल्या पूल हॉलमध्ये या वरच्या पैशाला ‘ॲडेड मनी’ म्हणतात, आणि तिकडच्या पोस्टरवर तो आकडा ठळक असतो, कारण अनुभवी खेळाडू आधी तोच पाहतो. एन्ट्री ही खेळाडूंनी एकमेकांना दिलेली रक्कम असते. आयोजकाने खिशातून काय घातलं ते या आकड्यातून कळतं. तिकडेही ‘पूर्ण फील्ड भरल्यास’, म्हणजे सगळ्या जागा भरल्यास, अशी बारीक ओळ टाकून हमीचा आव आणणारी पोस्टर निघतात आणि त्यावरून अशीच भांडणं होतात.

तुमच्यासारख्या हॉलला मी तिसरा प्रकार सुचवेन, आणि त्याला खालून एक छोटी हमी जोडायची. कारण आकड्यांनीच सांगतो.

आधी टेबलांचा खर्च. नॉकआउटमध्ये सामने नेहमी खेळाडूंपेक्षा एकने कमी असतात: ३२ खेळाडू, ३१ सामने. हौशी खेळाडूंचा नाइन-बॉलचा ‘रेस टू फाइव्ह’ सामना, म्हणजे आधी पाच रॅक (डाव) जिंकेल तो विजयी, सरासरी पाऊण तासाचा धरला, तर तुमच्या दराने एका सामन्याचं टेबल १५० रुपयांचं झालं. म्हणजे खेळाडूमागे २०० रुपये हॉलने ठेवले की टेबल निघतं आणि खडू, पंच, पाणी यांना साधारण पन्नास रुपये उरतात. डबल नॉकआउट, म्हणजे दोनदा हरल्यावरच बाद, ठेवलंत तर सामने जवळपास दुप्पट होतात, ३२ जणांत ६२ किंवा ६३. तेव्हा खेळाडूमागे टेबलाचेच ३०० लागतात, आणि चार टेबलांवर बारा-चौदा तास सहज जातात, कारण शेवटच्या फेऱ्यांत एक-दोन टेबलंच चालू असतात आणि बाकीची रिकामी राहतात. म्हणून फॉरमॅट आधी, हॉलचा वाटा नंतर आणि बक्षीस सगळ्यांत शेवटी, असा क्रम ठेवा. बहुतेक जण बक्षिसाचा आकडा आधी काढतात आणि मग बाकीचं त्यात कोंबत बसतात.

तुमचे पाच हजार याच मापाने मोजले तर खेळाडूमागे साधारण २१७ रुपये पडतात. रक्कम अवाजवी नव्हती. ती फ्लेक्सवर कुठेही नव्हती, हे चुकलं.

आता पुढची स्पर्धा. समजा एन्ट्री ८०० ठेवली: २०० हॉलचे, ६०० बक्षिसात. वरून १०,००० ची भर. १६ जण आले तर बक्षिसाची रक्कम १९,६००, २४ आले तर २४,४००, ३२ आले तर २९,२००. चोविसापर्यंत चार बक्षिसं द्या, ४५, २५, १५ आणि १५ टक्के. १६ जणांत हे ८,८००, ४,९०० आणि दोघांना प्रत्येकी २,९५० होतं. २४ जणांत ११,०००, ६,१०० आणि प्रत्येकी ३,६५०. पंचवीसच्या पुढे आठ बक्षिसं: ३८, २२, दोन वेळा १२ आणि चार वेळा ४ टक्के. ३२ जणांत ११,०००, ६,४००, दोघांना ३,५०० आणि उपउपान्त्य फेरीत हरलेल्या चौघांना प्रत्येकी १,२००. शेवटचं बक्षीस एन्ट्रीपेक्षा कमी नसावं, हा माझा नियम. ८०० भरून शेवटच्या आठांत पोचलेल्याच्या हातात ५०० ठेवणं त्याला लागतं.

इथे एक खड्डा आहे. पंचवीसावा खेळाडू आला की एकूण रक्कम २५,००० होते, म्हणजे वाढते. पण ३८ टक्क्यांनी पहिलं बक्षीस ९,५०० होतं, जे चोवीस जणांत ११,००० होतं. एक माणूस वाढल्यामुळे विजेत्याचे दीड हजार गेले. सामन्याच्या दिवशी सकाळी हे कोणाच्या लक्षात आलं तर पंचवीसाव्या माणसाची एन्ट्री घ्यायची की नाही यावरूनच वाद सुरू होतो. म्हणून पंचवीसपासून पुढे पहिलं बक्षीस सरळ ११,००० वर बांधून टाका आणि उरलेलं बाकीच्यांत वाटा. पंचवीस जणांत ते ११,०००, ५,४००, दोघांना प्रत्येकी २,५०० आणि चौघांना प्रत्येकी ९०० असं बसतं. उपविजेत्याचं थोडं घटतं, ते टळत नाही, कारण जास्त लोकांना द्यायचं तर ते कुठून तरी यावंच लागतं. तक्ता आधी छापलेला असेल तर त्यावर कोणी भांडत नाही. कुठलीही टक्केवारी ठरवली की जिथे बक्षिसांची संख्या बदलते त्या आकड्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा हिशोब करून पाहा.

हमी किती ठेवायची? मागच्या वेळी जितके आले त्यातून एक तृतीयांश वजा करायचे, आणि उरतील तेवढ्यांवर जी रक्कम बसते तिची हमी द्यायची. तुमचे तेवीस, म्हणजे पंधरा-सोळा, म्हणजे साधारण १९,५००. तेराच आले तर जमा ७,८०० आणि भर १०,००० मिळून १७,८००, तूट १,७००. एवढी तुम्ही झोप न उडता भरू शकता. ५०,००० ची हमी दिली असतीत आणि याच हिशोबाने सोळा आले असते, तर तीस हजारांवर खिशातून गेले असते. हा आकडा प्रत्येक गावात, प्रत्येक हॉलला वेगळा येणार. पुण्या-मुंबईत जिथे दर आठवड्याला खेळणारे शंभरेक जण ओळखीचे आहेत तिथे वजाबाकी कमी करता येईल. पहिलीच स्पर्धा असेल तर हमी फक्त वरच्या भरीएवढी ठेवा, आणि किमान संख्या लिहा: अमुक तारखेपर्यंत बारा नावं आली नाहीत तर स्पर्धा रद्द, एन्ट्री पूर्ण परत.

वरच्या भरीचे दहा हजार कुठून येणार, हा प्रश्न फ्लेक्सला जाण्याआधी सुटलेला हवा. मोबाइलच्या दुकानदाराने ‘देतो की’ म्हटलं, म्हणजे पैसे आले असं नाही. रक्कम खात्यात जमा होईपर्यंत तिचा आकडा छापू नका. हे फक्त लहान हॉलचं दुखणं नाही. २००६ मध्ये इंटरनॅशनल पूल टूरच्या अमेरिकेतल्या रीनो इथल्या एट-बॉल स्पर्धेत पहिलं बक्षीस पाच लाख डॉलर जाहीर झालं होतं. एफ्रेन रेयेस जिंकला, आणि जाहीर झालेले पैसे खेळाडूंना वेळेवर मिळालेच नाहीत, हप्त्यांनी द्यायची वेळ आली. जगातला सर्वोत्तम मानला जाणारा खेळाडू तिथे अडकला, मग आपल्याकडचा कॉलेजचा पोरगा कोणाकडे दाद मागणार? आयोजकाने पैसे वेगळे काढून ठेवलेत का, हे खेळाडूला दिसत नाही. त्याला फक्त फ्लेक्स दिसतो, आणि त्यावर तो विश्वास टाकतो.

आता कर. पत्त्यांचे वा इतर खेळ, लॉटरी वगैरेंत जिंकलेली रक्कम दहा हजारांच्या पुढे गेली की पूर्ण रकमेवर ३० टक्के टीडीएस कापण्याची तरतूद आहे. तुमच्या स्पर्धेला ती कशी लागू होते ते तुमच्या सीएला विचारून घ्या, पण छापायच्या आधी विचारा. वरच्या उदाहरणात पहिलं बक्षीस ११,००० आहे. कापायचं ठरलं तर ३,३०० जातात आणि विजेत्याच्या हातात ७,७०० येतात, तर ३२ जणांतल्या उपविजेत्याच्या हातात पूर्ण ६,४००. पाच फेऱ्या खेळून जिंकलेल्या माणसाला हे बक्षीस समारंभात कळता कामा नये. ‘रक्कम कर कापण्यापूर्वीची, पॅन आवश्यक’ एवढी ओळ पुरते. काही आयोजक पहिलं बक्षीस मुद्दाम बरोबर दहा हजारांवर ठेवतात आणि उरलेलं खाली वाटतात. तसं उघडपणे ठरवायला माझी हरकत नाही. एकच बक्षीस दोन पाकिटांत घालून देऊ नका.

वस्तूंची किंमत रोख रकमेत मिसळू नका. क्यू, ट्रॅकसूट, हॉटेलचं व्हाउचर यांची छापील किंमत धरून ‘एक लाखाची बक्षिसे’ हा आकडा सहज तयार होतो, आणि त्यातली रोख जेमतेम तिसरा हिस्सा असते. रोख वेगळी लिहा, वस्तू नावाने लिहा, वस्तूंच्या पुढे रुपये लिहूच नका. चषक मिळणार असेल तर ‘चषक’ एवढंच पुरे.

‘हौशी’ या शब्दाचाही खुलासा हवा, कारण बक्षिसाची किंमत समोर कोण उभा आहे यावर ठरते. शेवटच्या दिवशी राज्य पातळीवरचा खेळाडू एन्ट्री भरून गेला तर सोळा जणांसाठी पहिलं बक्षीस त्याच क्षणी नाहीसं होतं. बिलियर्ड्स अँड स्नूकर असोसिएशन ऑफ महाराष्ट्रच्या स्पर्धांत किंवा राष्ट्रीय स्पर्धेत अमुक फेरीच्या पुढे गेलेल्यांना प्रवेश नाही, अशी तपासता येईल अशी रेघ आखा. ‘आयोजकांचा निर्णय अंतिम’ असं लिहून ती जागा भरत नाही. किंवा सगळ्यांना खुली ठेवा आणि कमकुवत खेळाडूला दोन रॅकची आघाडी द्या, पण तेही आधीच लिहा.

पुन्हा एन्ट्री देणार असाल, म्हणजे पहिल्या फेरीत हरलेल्याला आणखी पैसे भरून परत खेळू देणार असाल, तर ते पैसे बक्षिसात जातात की हॉलकडे, हे लिहा. ड्रॉ निघाल्यावर कोणी आलाच नाही तर त्याची एन्ट्री परत मिळत नाही आणि ती बक्षिसातच राहते. अंतिम फेरीतले दोघे आपसात बक्षीस वाटून घ्यायचं म्हणतील तर परवानगी आहे की नाही, हेही ठरवा. मी परवानगी देत नाही, कारण मग अंतिम सामना नावापुरता खेळला जातो आणि तो पाहायला थांबलेल्यांना ते लगेच कळतं. खेळाडूंचा लिलाव करून त्यांच्यावर पैसे लावायचा प्रकार मात्र हॉलमध्ये येऊच देऊ नका. महाराष्ट्रात अजून चालू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. पण स्वतः खेळून बक्षीस मिळवणं वेगळं आणि दुसऱ्याच्या खेळावर पैसे लावणं वेगळं.

हे सगळं फ्लेक्सवर कसं मावणार, असं तुम्ही म्हणाल. मावतं. मजकूर असा काहीसा:

‘नाइन-बॉल नॉकआउट, रेस टू फाइव्ह. एन्ट्री ₹८००: त्यातले ₹६०० बक्षिसात, ₹२०० हॉलचे. हॉलकडून बक्षिसात ₹१०,००० ची भर. एकूण रोख बक्षीस किमान ₹१९,५००. १६ खेळाडू आल्यास पहिले बक्षीस ₹८,८००, २४ किंवा अधिक आल्यास ₹११,०००. जास्तीत जास्त ३२ खेळाडू. रक्कम कर कापण्यापूर्वीची. प्रवेश कोणाला आणि बक्षिसांचा पूर्ण तक्ता काउंटरवर व ग्रुपवर. १२ पेक्षा कमी नावे आल्यास स्पर्धा रद्द, एन्ट्री परत.’

सगळ्यांत मोठं अक्षर ‘किमान ₹१९,५००’ला द्या. स्पर्धा झाली तर हा आकडा कुठल्याही परिस्थितीत खरा ठरणार आहे, आणि मोठ्या अक्षरांत फक्त तसाच आकडा जावा. ५०,००० च्या मानाने तो लहान दिसेल, पहिल्या वेळी दोन-चार जण कमीही येतील. जे येतील ते पुढच्या वेळी मित्राला घेऊन येतात, कारण त्यांना सांगितलेलं मिळालेलं असतं.

स्पर्धेच्या दिवशी एक काम चुकवू नका. एन्ट्री बंद झाल्यावर आणि पहिला ब्रेक (पहिला फटका) होण्याआधी एका कागदावर हातानेच लिहा: एकूण खेळाडू इतके, बक्षिसात जमा इतके, भर इतकी, एकूण इतके, आणि खाली प्रत्येक बक्षीस रुपयांत. भिंतीवर चिकटवा, फोटो ग्रुपवर टाका. कोणाला हरकत असेल तर ती तेव्हा घेता येते, आणि पटलं नाही तर एन्ट्री परत घेऊन घरी जाता येतं. हरल्यावर किंवा जिंकल्यावर घेतलेल्या हरकतीला उत्तर नसतं. पैसे त्याच संध्याकाळी द्या, शक्यतो यूपीआयने, म्हणजे दोघांकडे नोंद राहते, आणि त्याच कागदावर सह्या घ्या.

राहिली झालेली स्पर्धा. ग्रुपवर ‘पर्यंत’चा अर्थ समजावत बसू नका. तेवीस जणांची जमा, तुम्ही ठेवलेले पाच हजार आणि वाटलेले अठरा हजार हा हिशोब जसाच्या तसा टाका, आणि ते पाच हजार परत करा. ते टेबलांचे होते हे खरं, दरही रास्त होता, पण खेळाडूंनी एन्ट्री भरली तेव्हा ही कपात त्यांना ठाऊक नव्हती, म्हणून ती घ्यायचा हक्क तुम्हाला नव्हता. बक्षिसांच्याच प्रमाणात वाटलं तर विजेत्याला २,२००, उपविजेत्याला १,४०० आणि उपान्त्य फेरीतल्या दोघांना प्रत्येकी ७०० रुपये जातात. विजेता अजूनही वीस हजारांवर अडून बसला तर त्याचं म्हणणं चुकीचं नाही, कारण तुमच्या फ्लेक्सवर तसंच लिहिलं होतं. त्याच्याशी फोनवर नको, समोर बसून बोला, काय जमतं ते सांगा आणि जे कबूल कराल त्याची तारीख द्या. नवा फ्लेक्स छापायला द्यायचा तो हे झाल्यावरच.